क्लास की क्लॅस, कॉलेज की कालेज? मुलीला इंग्लिशचे कुठले उच्चार शिकवायचे?

टिळकवाडीची_आई

नमस्कार. आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो, घरात मराठी, गल्लीत मराठी कन्नड दोन्ही, आणि मुलगी सहावीत इंग्लिश मीडियमला आहे. प्रश्न तिच्या इंग्लिश उच्चारांचा आहे, त्यातही स्वरांचा, कारण गोंधळ सगळा तिथंच आहे. शाळेत टीचर क्लास, डान्स, लास्ट म्हणतात, आम्ही पण लहानपणापासून तेच म्हणत आलो. मोबाईलवरच्या अमेरिकन व्हिडिओत तेच शब्द क्लॅस, डॅन्स, लॅस्ट असे येतात आणि ती आता घरात तसंच बोलायला लागली. त्यात या सुट्टीत एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घातलं तर तिथल्या सरांनी सगळ्या मुलांना सांगितलं की कॉलेज, ऑफिस, हॉट हे चूक, कालेज, आफिस, हाट असंच म्हणायचं. आमच्या शेजारची मुलगी कन्नड मीडियमची, ती पहिल्यापासून कालेज आणि आफीसच म्हणते आणि तिला त्यावरून बाकीची मुलं चिडवायची, तर माझी मुलगी विचारते, आई मग तिचंच बरोबर होतं काय? वर माझा भाचा मँचेस्टरला शिकायला गेलाय तो सांगतो तिथली माणसं बसला बुस म्हणतात आणि कपाला कुप. मग बरोबर इंग्लिश नेमकं कुठलं? एक धरून बाकीचं सोडून द्यावं काय? पुढं परीक्षेत, इंटरव्ह्यूत याचे मार्क जातात काय? ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा सविस्तर सांगा, एका ओळीत नको.

खानापूरचे_मास्तर

ताई, मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला इंग्लिश शिकवतो आणि हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी पालक विचारतातच, त्यामुळं नीट बसून लिहितो.

इंग्लिश लिहायला स्वर पाच, पण बोलायला वीसच्या आसपास. दक्षिण इंग्लंडचं जे प्रमाण इंग्लिश आपल्या जुन्या पुस्तकांनी धरलेलं आहे त्यात परंपरेनं २० स्वर मोजतात, १२ साधे आणि ८ जोडस्वर. पाच अक्षरांवर वीस आवाज बसवायचे म्हटल्यावर स्पेलिंग बघून उच्चार कळणार नाही हे उघड आहे. आणि देशोदेशीच्या इंग्लिशमध्ये व्यंजनं बरीचशी सारखीच राहतात, एक र सोडला तर, माणूस कुठला हे जे आपल्याला लगेच ओळखू येतं ते बहुतेक स्वरांवरून.

आता फरक दोन तऱ्हेचे असतात आणि इथंच लोक गोंधळतात. एक तऱ्हा म्हणजे सुटा एखादा शब्द. टोमॅटो घ्या, ब्रिटिश माणूस टमाटो म्हणतो, अमेरिकन टमेटो म्हणतो, आपण टोमॅटो म्हणतो, आणि तिघांचंही ते त्या एका शब्दापुरतं आहे. व्हिटॅमिनचं तसंच, ब्रिटिश वि पासून सुरू करतो आणि अमेरिकन वाय पासून. असले शब्द फार नाहीत, ते जसजसे भेटतील तसे पाठ करायचे. दुसरी तऱ्हा महत्त्वाची, तिच्यात शब्दांचा अख्खा गटच्या गट एकदम वेगळा होतो. जॉन वेल्स नावाच्या इंग्लिश ध्वनिशास्त्रज्ञांनी १९८२ साली इंग्लिशमधल्या शब्दांचे स्वरांप्रमाणे २४ गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकेका शब्दाचं नाव दिलं, ट्रॅप, बाथ, लॉट, ड्रेस, किट, फेस, गोट असं. समोरचा माणूस त्या गटातला एक शब्द कसा म्हणतो ते कळलं की त्या गटातले बाकीचे शब्द तो तसेच म्हणणार हे आधीच सांगता येतं. मला स्वतःला हे समजलं तेव्हा उच्चार शिकवणं फार सोपं झालं.

तुमचा क्लास आणि क्लॅस हा बाथचा गट. क्लास, ग्लास, पास, लास्ट, फास्ट, डान्स, चान्स, हाफ, कान्ट हे सगळे त्यातले. दक्षिण इंग्लंडमध्ये या शब्दांत आ, अमेरिकेत ॲ. पुष्कळांना वाटतं अमेरिकनांनी इंग्लिश बिघडवलं, पण या गटात जुना स्वर अमेरिकेनंच ठेवलाय. आधी इंग्लंडमध्येही हा स्वर आखूड आणि ॲ च्या जवळचा होता, सतराव्या शतकापासून दक्षिणेत तो लांबत गेला आणि पुढं त्याचा आ झाला, तोवर अमेरिकेत गेलेली माणसं जुना स्वर घेऊन निघून गेली होती. आपल्याकडं इंग्लिश आलं ते दक्षिण इंग्लंडच्या साहेबाकडून, म्हणून आपल्या मराठीत सुद्धा ग्लास, पास, मास्तर, प्लास्टर हे आ वालेच शब्द रुजले. पण बघा, गॅसला आपण गास म्हणत नाही, कारण साहेब पण गॅसच म्हणत होता. पास आणि गॅस यांचं स्पेलिंग जवळपास सारखं, तरी एक या गटात आणि एक त्या गटात, याला नियम नाही, ऐकून ऐकूनच कळतं.

हॉट आणि हाट हा लॉटचा गट. मुलीला म्हणावं ओठावर बोट ठेव आणि हॉट म्हण, ओठ गोल होऊन पुढं येतील. मग हाट म्हण, ओठ मोकळे राहतील आणि जबडा खाली जाईल. ब्रिटिशांचा ओठ गोल, अमेरिकनांचा मोकळा, एवढाच फरक आहे. अमेरिकेत त्यामुळं बॉदर आणि फादर यांचं यमक जुळतं, इंग्लंडमध्ये जुळत नाही. तेव्हा त्या क्लासच्या सरांनी हाट शिकवलं यात चूक काही नाही, ते अमेरिकन आहे, पण हॉट चूक आहे असं सांगितलं हे मात्र साफ चुकीचं सांगितलं. कोट्यवधी माणसं हॉटच म्हणतात आणि त्यांची मायबोली इंग्लिश आहे.

आणि यात एक धोका आहे तो पालकांनी लक्षात घ्यावा. क्लास, लास्ट, कास्ट हे ब्रिटिश आ ठेवले आणि सगळे ऑ काढून तिथं पण अमेरिकन आ घातला की मग लास्ट म्हणजे शेवटचा की हरवला? कास्ट म्हणजे जात की किंमत? अमेरिकन माणसाचं असं होत नाही, कारण त्यानं शेवटच्याला लॅस्ट करून ठेवलंय, तो तिकडं सरकला म्हणून इकडं जागा मोकळी आहे. अर्धं इकडचं अर्धं तिकडचं घेतलं की दोन वेगळे शब्द एकमेकांवर येऊन बसतात. म्हणून एक घराणं धरलं तर त्यातच पुरतं राहावं, आणि घरात शाळेत आधीच ब्रिटिश वळणाचं भारतीय इंग्लिश आहे तर ते मोडून दुसरं बसवायची मला तरी काही गरज दिसत नाही.

अनगोळची_नर्स

मास्तरांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी अनगोळची, सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला हॉस्पिटलात कामाला आहे. ताई तुमचा भाचा सांगतो ते शंभर टक्के खरं आहे, इकडं उत्तरेत बस म्हणजे बुस, कप म्हणजे कुप, लव्ह म्हणजे लुव्ह, आणि हा उ आपल्या उ सारखा पुरता गोल नाही पण ऐकायला उ च वाटतो. वॉर्डात एखादी आजी म्हणते अ कुप अव टी प्लीज लुव्ह, आणि ते इतक्या मायेनं म्हणते की पहिल्या आठवड्यात शब्द नाही कळले तरी मागतीय काय ते कळायचं. इथं पुट आणि बट यांचा स्वर एकच आहे, पुट आणि बुट. इथल्या एका बाईंनी मला सांगितलं आणि मग मी पण वाचलं की पूर्वी सगळ्या इंग्लंडमध्ये असंच होतं, सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेत काही शब्दांचा उ सुटून अ झाला, कप, सन, कट असे, आणि पुट, पुल, फुल, बुश हे राहून गेले. म्हणून तर स्पेलिंगमध्ये दोन्हीकडं यू आहे आणि आपण शाळेत रडत होतो की बी यू टी बट तर पी यू टी पुट का. उत्तरेनं ते फोडलंच नाही. क्रिकेट बघणाऱ्यांना जेफ्री बॉयकॉट आठवत असतील, यॉर्कशायरचे, त्यांच्या कॉमेंट्रीत रबिशचं रुबिश व्हायचं ते हेच.

आणि क्लास, बाथ, लास्ट इकडं उत्तरेत ॲ नंच म्हणतात, क्लॅस, बॅथ, लॅस्ट, पण आखूड. म्हणजे हा ॲ फक्त अमेरिकेत आहे असं नाही, इंग्लंडच्याच निम्म्या भागात आहे. इथली माणसं लंडनवाल्यांचं बाऽथ ऐकलं की नाक मुरडतात, आणि उलटं पण होतं.

मला एक गोष्ट इथं फार बरी वाटली ती सांगते. आपण केक, डे, गेट म्हणताना ए सरळ एकच ठेवतो, गो, बोट म्हणताना ओ सरळ ठेवतो. लंडनच्या बाजूला तो ए हलतो, एइ होतो, आणि ओ तर अउ सारखा सुरू होतो, गउ, बउट. ट्रेनिंगच्या वेळी आम्हाला एकांनी सांगितलं होतं की तुमचा ए आणि ओ भारतीय आहे, बदला. इथं येऊन बघते तर यॉर्कशायरची जुनी माणसं आपल्यासारखाच सरळ ए आणि सरळ ओ लावतात, आणि स्कॉटलंडचे पेशंट आले तर ते पण. माझं केक आणि होम इथं कुणालाही कधी अडलं नाही. अडलं ते र चं, इथं नर्स म्हणताना र येतच नाही, नुसता अ लांबवतात, नऽस, पार्कचं पाऽक. माझा र ते समजून घेतात, पण त्यांच्या तोंडून र गेलेला शब्द ओळखायला मला वेळ लागला.

निपाणीचा_पाव्हणा

मास्तर बरोबर बोलुलालेत पण आमच्या बॉर्डरच्या पोरांची एक गोष्ट राहिली बघा. ताई, तुमच्या शेजारच्या पोरीला चिडवत होते ते काय बरं केलं नाहीत. ती अमेरिकन बोलत नव्हती, ती कन्नड लिपीतून इंग्लिश वाचत होती. कन्नडात ऑ ला वेगळं चिन्ह नाही, म्हणून कालेज, डाक्टर, आफीस असं आ नं लिहितात. ॲ ला पण नाही, म्हणून बँकेला ब्यांक आणि बॅटला ब्याट लिहितात. बेळगावात कुठल्याबी दोन भाषेच्या बोर्डावर बघा की वो, मराठीत बँक आणि कन्नडात ब्यांक, दोन्ही एकाच माणसानं रंगवलेलं असतंय. मराठीनं ॲ आणि ऑ ची चंद्रकोर इंग्लिश शब्दांसाठीच घेतली म्हणून आमच्या पोरांना बॅट आणि हॉट लगेच जमतंय.

पण उलटं बघा. मराठीत ए एकच हाय. कन्नडात दोन हायत, आखूड आणि लांब, आणि ओ पण दोन हायत. आमच्या दुकानात रोज ऐकतो, आखूड ए नं बेळे म्हटलं की शेतातलं पीक, लांब ए नं बेऽळे म्हटलं की डाळ. बाहेरून आलेला मराठी माणूस दोन्ही सारखंच म्हणतोय आणि गिऱ्हाईक तोंडाकडं बघत बसतंय. आता इंग्लिश घ्या. लिहायचं ते पेन आणि दुखतंय ते पेन, मराठीत दोन्ही पेन, लिहिताना पण एकच आणि बोलताना पण एकच. घ्या म्हणायचं गेट आणि वाड्याचं गेट, तेच. शेजारच्या कन्नड पोरीला विचारा, ती एक आखूड म्हणेल एक लांब म्हणेल, तिला कुणी शिकवायला लागत नाही, तिच्या लिपीतच ते हाय. ती तुमच्या पोरीला आखूड ए शिकवू दे, तुमची पोरगी तिला ॲ आणि ऑ शिकवू दे. पेन, पॅन आणि दुखण्याचं पेऽन, हे तीन वेगळे काढायला मराठी एकट्याला जमत नाही आणि कन्नड एकट्याला पण जमत नाही, आमच्यासारख्या दोन्ही बोलणाऱ्याला जमतंय. पुण्याबेंगळूरच्या पोरांपेक्षा आमची पोरं यात पुढं असायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतंय.

अजून एक. मराठीत शब्दाच्या शेवटी व्यंजन आलं की त्याच्या आधीची इ आणि उ आपण लांबच लावतो, गरीब, मूल, फूल, तशीच सवय. म्हणून जहाजाला शीप, बिलाला बील, भरलेल्याला फूल म्हणतो, मग मेंढीला काय म्हणायचं? कन्नडात असं होत नाही. हे तुमच्या पोरीचं जरा बघा, क्लास क्लॅस पेक्षा हे जास्त अडतंय.

कॅम्पातले_काका

सगळ्यांचं वाचलं. चांगली माहिती आहे पण माझं मत वेगळं. आमच्या वेळी कॅम्पात शाळेतले फादर, म्हणजे पाद्री, उच्चार चुकला की पुन्हा पुन्हा म्हणून घेत, आणि ते एकच इंग्लिश होतं, त्याला कुणी घराणी बिराणी म्हणत नव्हतं. आता हे पण बरोबर, ते पण बरोबर, बुस पण बरोबर म्हटल्यावर पोरांनी शिकायचं काय? मुलांपुढं एक नमुना पाहिजे. बीबीसीवर जे जुने लोक बातम्या वाचत ते इंग्लिश, ते शिकवा, बाकी मोठेपणी बघतील.

खानापूरचे_मास्तर

काका, एक नमुना पाहिजे हे मला पूर्ण मान्य आहे, मी वर तेच लिहिलंय. पण तो नमुना दगडावर कोरलेला नाही हे पण मुलांना सांगायला पाहिजे. राणी एलिझाबेथ दरवर्षी नाताळला रेडिओवर भाषण करत, जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या १९५० च्या दशकातल्या आणि १९८० च्या दशकातल्या भाषणांतले स्वर मशीनवर मोजले आणि २००० साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं, तर राणीचे स्वतःचे स्वर तीस वर्षांत सरकलेले निघाले, साध्या दक्षिण इंग्लंडच्या माणसांच्या दिशेनं. जुन्या बीबीसीवर मॅन हा शब्द आपल्या कानाला मेन च्या जवळ लागायचा, आज तसं इंग्लंडमध्ये कुणी तरुण माणूस बोलत नाही. बॉल, लॉ यातला लांब ऑ आज तिकडं इतका ओ कडं झुकलाय की आपल्याला बोल आणि लो ऐकू येतं. आपण जो नमुना धरून बसलोय तो ज्यांचा होता त्यांनीच सोडला.

आणि सगळंच बरोबर असं मी म्हणत नाही. टॉम्ब (थडगं), ब्युरी (पुरणं), ब्लूड (रक्त) हे जगात कुठल्याही प्रमाण इंग्लिशमध्ये नाही, ते टूम, बेरी आणि ब्लड. हे स्पेलिंग वाचून केलेले उच्चार, इथं मी पण मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतो. स्पेलिंगचा असा घोळ का झाला त्याला कारण आहे. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्लिशचे सगळे लांब स्वर जागचे हलले, नेम हा शब्द आधी आ नं म्हणत, टाइम ई नं, हाउस ऊ नं. कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना काढला १४७६ साली, म्हणजे हे हलणं चालू असतानाच छापायला सुरुवात झाली, पुढं स्पेलिंग तिथंच थांबलं आणि तोंड पुढं गेलं. स्कॉटलंडच्या जुन्या बोलीत घराला अजून हूस म्हणतात, तिथं ऊ हललाच नाही.

पाव्हण्यांनी मेंढीचं सांगितलं ते फार खरं आहे. मी वर्गात मुलांना डोळे मिटून ऐकायला लावतो आणि शिप म्हटलं तर उजवा हात, शीप म्हटलं तर डावा. सुरुवातीला हात निम्म्या वेळी चुकीचे वर जातात. आधी कानाला फरक कळला पाहिजे, तोंड नंतर येतं. स्कॉटिश लोक भरलेला फुल आणि मूर्ख फूल एकच म्हणतात हे खरं, पण ते सगळ्याच शब्दांत तसं करतात आणि ऐकणाऱ्याला त्यांच्या बाकीच्या बोलण्यावरून कळतं, आपल्या मुलांनी एकदा आखूड एकदा लांब असं केलं की ऐकणाऱ्याला काहीच धरता येत नाही.

हुबळी_नाइट_शिफ्ट

मी मूळचा चिकोडीचा, हुबळीत कॉल सेंटरला आहे, ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडचे कॉल घेतो म्हणून दोन ओळी. मास्तर जे म्हणाले ना, एक सरकला की दुसऱ्याला जागा होते, ते मी रोज कानानं ऐकतो. ऑस्ट्रेलियन माणूस इंटरेस्ट रेट म्हणतो ते आपल्याला इंटरेस्ट राइट ऐकू येतं. डेटचं डाइट, टुडेचं टुडाय. नवीन पोरं गोंधळतात की मग राइट म्हणायचं असेल तर तो काय म्हणतो? तो रॉइट म्हणतो. आय जागेवरून उठला आणि ऑय कडं गेला, म्हणून एइ ला आय च्या जागेवर येता आलं. एकदा हे डोक्यात बसलं की कॉल सोपे जातात.

न्यूझीलंडचं अजून पक्कं, तिथं इ चा अ होतो, सिक्स म्हणजे सक्स, फिश अँड चिप्स म्हणजे फश अँड चप्स, क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ऐकलं असेल. मग ए वर चढून इ होतो, टेन ऐकू येतं टिन. आणि ॲ चढून ए च्या जागी येतो, बॅट ऐकू येतं बेट. तीन स्वर एकामागं एक एकेक घर पुढं सरकलेत. पोस्टल कोड लिहून घेताना मी आकडा परत म्हणून दाखवतो, माझ्या उच्चारात, हळू. ते हो म्हणाले की लिहितो. माझा उच्चार त्यांच्यासारखा करायचा प्रयत्न मी सोडून दिला, आमच्या ट्रेनरनं पण तेच सांगितलं, त्यांच्यासारखं बोलू नका, त्यांचं ऐकायला शिका, आणि तुमचं एकसारखं ठेवा.

टिळकवाडीची_आई

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, इतकं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. मुलीला सगळं वाचून दाखवलं, ती आणि शेजारची मुलगी काल संध्याकाळी पायरीवर बसून पेन पॅन पेऽन करत होत्या आणि आखूड ए माझ्यापेक्षा तिला लवकर जमला. दोन गोष्टी राहिल्या. भाच्याच्या धाकट्या भावाला पण बाहेर जायचंय, त्यासाठी आयेल्ट्स ही इंग्लिशची परीक्षा देणार आहे, तर त्यात ब्रिटिश उच्चारच लागतात काय? आणि मुलीची एक अडचण, अमेरिकन व्हिडिओत कॅन म्हणाले की कॅन्ट म्हणाले हेच तिला कळत नाही, अर्थ एकदम उलटा होतो. आपल्याकडं टीचर कान्ट म्हणतात ते बरं, लगेच कळतं.

अनगोळची_नर्स

ताई आयेल्ट्स मी दिलीय. बोलण्याच्या परीक्षेत चार गोष्टींवर मार्क असतात, ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार. उच्चारात तुमचा ॲक्सेंट ब्रिटिश आहे की भारतीय याला मार्क नसतात, समोरच्याला विनासायास कळतंय का, शब्दावर जोर बरोबर ठिकाणी पडतोय का हे बघतात. ऐकण्याच्या परीक्षेत मात्र ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन, कॅनडाचे, सगळे आवाज येऊ शकतात, म्हणून त्याला आत्तापासून सगळीकडचं ऐकायला सांगा, नुसतं अमेरिकन नको. केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनरीत बहुतेक शब्दांना ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन आवाज आहेत, फुकट आहे, दोन्ही दाबून एकामागं एक ऐकायचे.

खानापूरचे_मास्तर

कॅन आणि कॅन्ट चं उत्तर पण स्वरातच आहे. दक्षिण इंग्लंडवाल्याचं सोपं, कॅन आणि कान्ट, स्वरच वेगळा, कारण कान्ट हा बाथच्या गटातला. अमेरिकेत दोन्हीकडं ॲ, आणि शेवटचा ट ते पुष्कळदा घशातच अडकवतात, त्यामुळं मुलगी ट ची वाट बघत बसली तर तो येणारच नाही. तिला सांगा ट ऐकू नको, ॲ किती भरलेला आहे ते ऐक. करू शकतो म्हणताना अमेरिकन माणूस कॅन वर जोर देत नाही, त्याचा ॲ पार विरतो आणि आपल्या मराठी अ सारखा होतो, आय कन डू इट, क आणि न च्या मध्ये जेमतेम अ. करू शकत नाही म्हणताना ॲ पुरता येतो आणि जोर पण त्याच्यावर असतो, आय कॅन्ट डू इट. म्हणजे स्वर विरला तर होकार आणि स्वर ठसठशीत आला तर नकार. फक्त वाक्याच्या शेवटी कॅन आला, येस आय कॅन असं, तर तिथं होकार असला तरी तो भरलेलाच येतो, तेवढी एक जागा लक्षात ठेवायची.

आणि आपली मुलं बोलताना नेमकी इथंच अडतात, होकाराच्या कॅन ला पण पूर्ण ॲ लावून जोर देतात, की अमेरिकन माणसाला तो नकार वाटतो. हुबळीवाल्यांना हे माहीत असेल.

हुबळी_नाइट_शिफ्ट

होय सर, आमच्याकडं अमेरिकेच्या टीमला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. यू कॅन पे टुमारो म्हणताना कॅन वर जोर दिला तर गिऱ्हाईक परत विचारतं, कॅन की कॅन्ट? आता सगळे यू कन पे असंच म्हणतात, आणि नकार असेल तर कॅन्ट वापरतच नाहीत, सरळ कॅनॉट म्हणतात.